तीन मशीनं, एक डबी आणि मामाचं नाव

मी डबी बोलतेय. पाचोऱ्याच्या बाजारपेठेत लग्नपत्रिका छापणारं एक दुकान आहे. तिथल्या लोखंडी कपाटावर, शाईच्या रिकाम्या डब्यांशेजारी, मी बसलेली असते. रंगाने काळी, तळहाताएवढी. पुढे आठ भोकं आणि प्रत्येक भोकावर एक इवलासा हिरवा दिवा. माझं कागदोपत्री नाव स्विच. पण ते नाव घेतलं की इथली माणसं भिंतीवरच्या पंख्याच्या बटणाकडे बघतात, म्हणून मी आपली डबीच. "डबी लुकलुकते ना? मग चालू आहे," एवढीच काय ती माझी विचारपूस.

माझा जन्म कुठे झाला ते मला ठाऊक नाही. डोळे उघडले ते जळगावच्या एका दुकानातल्या फळीवर, खोक्यात. अकरा वर्षांपूर्वी भूपेंद्र नावाच्या कॉम्प्युटर दुरुस्तीवाल्याने मला उचललं, स्कूटरच्या डिकीत वायरींच्या भेंडोळ्यासोबत कोंबलं आणि पाचोऱ्याला आणलं. वाटेतले खड्डे माझ्या अजून लक्षात आहेत.

दुकानात तेव्हा तीन मशीनं, म्हणजे कॉम्प्युटर, होती. एक गल्ल्याजवळ, मालक नवलभाऊंचं. नवलभाऊ म्हणजे गोड बोलणारा, कुणालाही नाही न म्हणणारा माणूस. दुसरं हिलालनानांचं. नाना जुन्या काळचे कंपोझिटर. शिशाचे खिळे एकेक वेचून पत्रिका जुळवायचे, नंतर त्याच बोटांनी कीबोर्ड शिकले. पान लावणं आणि शेवटची छपाई नानांकडे. तिसरं मशीन टाइप करणाऱ्या मुलीचं. ती जागा पुढे दोन वर्षांनी कामिनीकडे आली. तिन्ही मशीनच्या वायरी भूपेंद्रने माझ्या कानांत खोचल्या, एकातलं दुसऱ्यात पोचवायचं काम माझं. हो, त्या भोकांना मी कानच म्हणते. आठ कान आहेत मला, पण तोंड नाही. आज बोलतेय तेवढंच.

भूपेंद्रने त्या दिवशी नवलभाऊंना सरळ सल्ला दिला होता. म्हणाला, एक मशीन मुख्य करा, सगळ्या पत्रिका त्यात राहतील, बाकीच्यांनी तिथूनच उघडायच्या आणि तिथेच ठेवायच्या. नवलभाऊंनी मान डोलावली. मग एकदा नानांकडे पाहिलं, एकदा आपल्या गल्ल्याकडे. मुख्य मशीन नानांच्या टेबलावर ठेवावं तर मालकाची काय शोभा राहिली? गल्ल्यावर ठेवावं तर नाना आठवडाभर तोंड फिरवून बसणार. शेवटी ते म्हणाले, "आमच्यात मोठं-लहान कोणी नाही. तिघं सारखेच. ज्याचं त्याने ठेवावं, लागलं तर दुसऱ्याचं उघडावं." भूपेंद्र हसला, म्हणाला तुमची मर्जी, आणि चहा पिऊन जळगावला निघून गेला.

मला तेव्हा हे फार आवडलं होतं, खरं सांगते. कुणी साहेब नाही, कुणी नोकर नाही, सगळी भावंडं आणि मधे मी. वर्षभरात माझी हौस फिटली. सगळेच सारखे असले की निस्तरायला कोणी पुढे येत नाही, हे मला फुकट शिकायला मिळालं.

आता बघा, प्रिंटर जोडलेला नवलभाऊंच्या मशीनला. आणि नवलभाऊंना सवय काय, तर उठलं की मशीन बंद. चहाला निघाले, बंद. गिऱ्हाईकाला सोडायला पायरीपर्यंत गेले, बंद. वीज वाचते म्हणतात. इकडे कामिनीने छापायला पाठवलेलं पान माझ्या दारात येऊन उभं, पुढे घर बंद. मी दिवा लुकलुकवून लुकलुकवून दमायची. कामिनी कपाटाकडे बघून म्हणायची, डबी बिघडली वाटतं. घ्या, बिघडलं कोण आणि नाव कुणाचं!

कामिनीची पत्रिका नवलभाऊ आपल्या मशीनवरून उघडून बसले की कामिनीचं मशीन बैलगाडीसारखं चालायचं. नानांचा पासवर्ड वेगळा, कामिनीचा वेगळा, नवलभाऊंचा तर ते स्वतःच विसरलेले. एकदा एका गिऱ्हाईकाने पेनड्राइव्हमधून नवरदेवाचा फोटो आणला, सोबत व्हायरसही आणला. गल्ल्यावरच्या मशीनला सर्दी झाली आणि संध्याकाळपर्यंत तिन्ही मशीनं शिंकायला लागली. ते सगळं माझ्यातूनच गेलं. मी कुणाला अडवत नाही. आलं ते पुढे सरकवायचं, एवढंच मला येतं.

आणि सगळ्यात मोठी कटकट म्हणजे प्रती. एकाच लग्नाची पत्रिका तिघांकडे. कामिनीकडे टाइप केलेली, नानांकडे पान लावलेली, नवलभाऊंकडे गिऱ्हाईकाला दाखवायची. तिघांपैकी प्रत्येकाला वाटायचं, खरी पत्रिका आपल्याकडेच आहे.

तुम्ही खान्देशातले नसाल तर तुम्हाला हे एवढं काय मोठं, असं वाटेल. पण आमच्याकडची लग्नपत्रिका म्हणजे गावजेवणच असतं. आजोबा-पणजोबांपासून चुलत्यांच्या नातवंडांपर्यंत शे-सव्वाशे नावं. कोण कितव्या ओळीत, कुणाच्या आधी कोण, यावरून बोलाचाली होतात. त्यात मामाची ओळ निराळी, मानाची. मुलाच्या किंवा मुलीच्या पाठीशी बोहल्यावर मामा उभा राहतो. त्याचं नाव राहिलं तर त्याने लग्नाला यायचं तरी कुठल्या तोंडाने?

तर नऊ वर्षांपूर्वी असंच एक नाव राहिलं. कसं राहिलं, हे जगात फक्त मला माहीत होतं.

पाचोऱ्याजवळच्या एका खेड्यातल्या कोकिळाबाई. त्यांच्या मोठ्या मुलाचं लग्न होतं. नावांची यादी त्यांचा दीर देऊन गेला होता. पत्रिका टाइप झाली, नानांनी पान लावलं. मग कोकिळाबाईंचा फोन आला, की यादीत माझ्या भावाचं, जीवनचं नाव राहिलंय, मामाच्या ओळीत घाला. फोन कामिनीने घेतला. तिचा दुकानातला पहिलाच आठवडा. तिने नाव घातलं, अगदी व्यवस्थित, आपल्या मशीनमधल्या प्रतीत. नानांना सांगितलंही. पण नाना तेव्हा छपाईयंत्राजवळ होते, यंत्राची धडधड चालू होती. त्यांनी हो म्हणून मान हलवली. काय ऐकलं कुणास ठाऊक. दुसऱ्या दिवशी कामिनी परीक्षेला जळगावला गेली. नानांनी आपल्या मशीनमधली पत्रिका काढली आणि चारशे छापल्या.

मी वाचत नाही हो, मी फक्त पोचवते. पण काय पोचवलं नाही ते मला बरोबर कळतं. कामिनीची ती नवी प्रत माझ्यातून नानांकडे गेलीच नव्हती. मी सगळे दिवे लुकलुकवले. नानांनी वर पाहिलं आणि माझ्यावर फडकं टाकलं, डोळ्यांवर येतं म्हणून.

पत्रिका दीर घेऊन गेला, वाटल्याही. शिरपूरला कापसाच्या जिनिंग कारखान्यात काम करणाऱ्या जीवनच्या हातात एक पडली. त्यात शंभर नावं होती, त्याचं नव्हतं. तो लग्नाला आला नाही. कोकिळाबाईंनी दुकानात फोन करून विचारलं, तेव्हा नवलभाऊंनी आपल्या मशीनमधली प्रत उघडून पाहिली आणि गोड आवाजात सांगितलं, की ताई, तुम्ही नाव दिलंच नव्हतं, आमच्याकडे आहे तेच छापलंय. ते खोटं बोलले नाहीत. त्यांच्याकडे तेच होतं. कामिनी परीक्षेहून परत आली तेव्हा ही गोष्ट तिच्या कानावर कुणी घातली नाही. भाऊ नऊ वर्षं बहिणीच्या दारात फिरकला नाही. सासरच्यांना बरं वाटावं म्हणून बहिणीने आपलं नाव गाळलं, हेच त्याने मनात धरलं. त्या पापात माझाही वाटा आहे असं मला वाटत राहिलं, आणि त्याचं मला फार वाईट वाटायचं.

यंदा भाद्रपद संपता संपता कोकिळाबाई स्वतः दुकानात आल्या. मुलीचं, वृषालीचं लग्न ठरलेलं, तुळशीच्या लग्नानंतरचा मुहूर्त. या वेळी यादी त्यांनी दिराला दिली नाही, स्वतःच्या हाताने लिहून आणली. मामाची ओळ मात्र रिकामी होती. भावाला न विचारता नाव घातलं तरी तो आणखी चिडायचा, ही भीती. कामिनीने पत्रिका टाइप केली, एक प्रत नानांकडे गेली, एक गल्ल्यावर. तिन्ही माझ्यातूनच.

मग आठ दिवसांनी कोकिळाबाईंचा फोन आला. वृषाली शिरपूरच्या कॉलेजात शिकलेली. ती कुणाला न सांगता एकटीच मामाच्या दारात जाऊन उभी राहिली होती. मामाने भाचीला चहा पाजला आणि निरोप दिला, की दसऱ्याला सोनं द्यायला येईन, पण दारात उभा राहीन. पत्रिकेत नाव छापलेलं पाहीन, मगच आत पाऊल टाकीन.

कामिनी आता काही पहिल्या आठवड्यातली मुलगी नव्हती. तिने आपल्या जागेवरून, माझ्यातून जाऊन, थेट नानांच्या मशीनमधली प्रत उघडली आणि त्यातच जीवनमामांचं नाव घातलं. नवलभाऊंना म्हणाली, नानांकडचीच पत्रिका खरी, तुमच्याकडची काढून टाका. नवलभाऊ हो हो म्हणाले. काढायचं ते विसरले, हे सांगायला नकोच.

आता येते खंडेनवमी. त्या दिवशी हत्यारांची, अवजारांची पूजा होते, आणि नाना ती खिळ्यांच्या पेटीपासून करत आलेले. सकाळी आंघोळ करून आले, आपलं मशीन पुसलं, कुंकवाचं स्वस्तिक काढलं, झेंडूचा हार घातला, नारळ ठेवला. एकदा हार पडला की दसऱ्याची पूजा होईपर्यंत ते मशीन उठवायचं नाही. "वर्षभर राबतं, एक दिवस तं निजू द्या," असं म्हणून नाना घरी गेले. नवलभाऊ गल्ल्याची पूजा दसऱ्यालाच उरकतात, आणि कामिनीच्या मशीनला हार नसतो. ती बौद्ध घरातली, दसऱ्याला तिच्या वस्तीतल्या विहारात कार्यक्रम असतो, त्याच्याच तयारीत होती. ती म्हणते, माझं मशीन आतून झाडून घ्या, त्याला तेवढंच आवडतं. मला मात्र या दिवशी कुणी ना हार घालतं ना झाडतं. असो.

तिसऱ्या प्रहरी कोकिळाबाई आल्या. उद्या भाऊ येणार, एक छापलेली पत्रिका हातात द्या, बाकीच्या सावकाश छापा, एवढंच त्यांचं मागणं. नवलभाऊंनी मोठ्या उत्साहाने आपल्या मशीनमधली पत्रिका काढली, चांगल्या जाड कागदावर रंगीत पान छापलं आणि दोन्ही हातांनी त्यांना दिलं. बाई बाकावर बसल्या. गणपतीपासून बोट फिरवत फिरवत खाली आल्या. मामाच्या ओळीपाशी बोट थांबलं. मग पुन्हा वरून सुरुवात केली.

"मन्हा भाऊनं नाव कोठे शे?" त्या म्हणाल्या.

कामिनीने पान पाहिलं आणि तिने नवलभाऊंकडे असं बघितलं की ते गल्ल्याचा खण उघडून त्यात काहीतरी शोधायला लागले. कामिनी म्हणाली, काकू, घाबरू नका, नानांचं मशीन बंद आहे पण दोन मिनिटांत मी इथेच नाव घालून देते. आणि टाइप करायला बसलीसुद्धा. मला वाटलं, सुटलो बाई एकदाचे.

पण कोकिळाबाईंनी पान मांडीवर पालथं ठेवलं. त्यांचा आवाज चढला नाही, उलट खाली गेला.

"आते नाव टाकी देशात. तवयनं काय?"

तेव्हाचं काय, असं त्या विचारत होत्या. मग त्यांनी सगळं सांगितलं. नऊ वर्षांपूर्वीचा फोन, चारशे पत्रिका, शिरपूरहून आलेलं मौन. नाव मी दिलं होतं हे भावाला किती जणांकडून कळवलं, पण पुरावा काय द्यायचा? तुमचंच दुकान म्हणालं की दिलं नव्हतं. उद्या तो नव्या पत्रिकेत नाव बघेल आणि आत येईल, जेवेल, लग्नात उभाही राहील. पण त्याच्या मनात राहणारच, की तेव्हा गाळलं आणि आता गरज पडली म्हणून घातलं. हे सांगताना बाईंच्या डोळ्यांना पाणी आलं नाही. त्यांनी फक्त पदराने चष्मा पुसला आणि पुन्हा लावला.

कामिनीची बोटं कीबोर्डवर थांबली होती. पहिल्या आठवड्यात स्वतःच्या जबाबदारीवर केलेली पहिली दुरुस्ती माणूस विसरत नाही. ती म्हणाली, "काकू, तो फोन मी घेतला होता. नाव मी घातलं होतं."

नवलभाऊंनी गल्ल्याचा खण हळूच बंद केला. मी तर श्वास रोखून धरला असता, पण मशीनंच्या पोटात असतो तसा पंखा मला नाही.

आता प्रश्न असा, की ती प्रत कुठे? कामिनीचं जुनं मशीन तीन वर्षांपूर्वी मेलं. भूपेंद्रने तेव्हा त्याच्या पोटातलं सगळं काढून, जिथे जागा होती तिथे, म्हणजे नानांच्या मशीनमध्ये ओतलं होतं. फोल्डरला नाव दिलं होतं 'कामिनी जुनं बठ्ठं', कामिनीचं जुनं सगळं. म्हणजे कोकिळाबाईंची साक्ष नानांच्या मशीनमध्ये होती, आणि ते मशीन झेंडूच्या हाराखाली झोपलेलं. बटण दाबायला नवलभाऊंचा हात पुढे झाला आणि कुंकू बघून मागे आला. त्यांनी फोन लावला. नाना फोनवर म्हणाले, आज मशीन उठत नाही. आणि फोन ठेवून ते स्वतःच दहा मिनिटांत दुकानात हजर झाले, कारण नवलभाऊंच्या बोटांवर त्यांचा काडीचा भरवसा नाही.

आल्या आल्या ते आपल्या मशीनसमोर आडवे उभे राहिले. कामिनीने त्यांना सगळं सांगितलं. ते ऐकताना नाना कोकिळाबाईंकडे बघत होते, आणि त्यांचा चेहरा उतरत गेला. नऊ वर्षांपूर्वीची ती धडधड त्यांनाही आठवली असावी, आणि काही न ऐकता हलवलेली मानही. हार काढावा तर चाळीस वर्षांचा नेम मोडतो, आणि काढून सापडणार काय, तर स्वतःचीच चूक. मी वरून बघत होते. मला वाटलं, हा माणूस काही बटण दाबत नाही.

कोकिळाबाई म्हणाल्या, राहू द्या नाना, तुमचा नेम मोडायला नको. नवीन पान द्या, मी जाते.

नानांनी नारळ उचलून खिडकीत ठेवला. हार काढून खुंटीला लावला. मशीनला हात जोडले.

"चाळीस वर्षांत पहिल्यांदा मोडतोय," ते म्हणाले. "चूक माझी शे. ती झाकायला देवाचा हार नको." आणि बटण दाबलं.

माझ्या तिसऱ्या कानावरचा दिवा लागला तेव्हा मला इतका आनंद झाला की काय सांगू! पण आनंद कसला, पुढे पासवर्ड. नाना पासवर्ड दर पाडव्याला बदलतात आणि पंचांगात पेन्सिलीने लिहून ठेवतात, एरवी मशीन बंदच करत नाहीत, त्यामुळे तो लागतही नाही. पंचांग घरी. त्यांनी कुलदैवताचं नाव घालून पाहिलं, चुकलं. गावाचं नाव घातलं, चुकलं. मग इकडेतिकडे बघून, अंगाने पडदा आड करत, एका बोटाने हळूहळू काहीतरी टाइप केलं. मशीन उघडलं. मागे उभ्या असलेल्या कामिनीला बोट दिसलंच होतं. भिकुबाई. नानांच्या बायकोचं नाव. नानांचे कान लाल झाले, कामिनीने पोटातलं हसू खोकल्यात घालवलं.

त्या फोल्डरात कोकिळाबाईंच्या मुलाच्या चार पत्रिका निघाल्या. 'फायनल', 'फायनल नवीन', 'हीच फायनल' आणि 'हीच घ्या'. पहिल्या तिघींत मामाची ओळ नव्हती. चौथी उघडली. मामा, जीवन, मुक्काम शिरपूर. शेजारी तारीख, लग्नाच्या सव्वा महिना आधीची. ज्या पसाऱ्याला मी अकरा वर्षं नावं ठेवली, त्याच पसाऱ्याने बाईंचा शब्द जपून ठेवला होता. मला माझीच लाज वाटली.

छापायला पाठवलं. पान माझ्यातून निघालं आणि नवलभाऊंच्या दारात अडकलं. का? फोन करायला उठताना त्यांनी सवयीने मशीन बंद केलं होतं! कामिनीने या वेळी माझ्याकडे बघितलं नाही, सरळ त्यांच्याकडे बघितलं. मशीन चालू व्हायला तीन मिनिटं लागली. ती तीन मिनिटं दुकानातले चौघेही प्रिंटरच्या तोंडाकडे बघत उभे होते.

दोन पानं बाहेर आली. एक नऊ वर्षांपूर्वीची पत्रिका, जी कधी छापलीच गेली नव्हती. दुसरी वृषालीची. दोन्हींत मामा होता. नानांनी जुनं पान उलटं करून टेबलावर ठेवलं, चष्मा लावला आणि पेनने, त्यांच्या त्या सुबक ठसठशीत अक्षरात लिहिलं: हे नाव कोकिळाबाईंनी दिलं होतं. छापायचं माझ्याकडून राहिलं. खाली सही केली, हिलाल. कोकिळाबाईंनी ते तिथेच उभ्याने वाचलं. दोन्ही पानं पिशवीत अशी ठेवली की घडी पडू नये, आणि एस.टी. गाठायला गेल्या.

दसऱ्याला दुपारनंतर दुकान बंद. मी कपाटावर अंधारात. माझ्या वायरी दुकानाच्या भिंतीपर्यंतच पोचतात, कुणाच्या दारापर्यंत पोचत नाहीत. जीवन आला असेल का? पान वाचलं असेल का? दोन दिवस मला नुसती चुटपुट लागली होती.

तिसऱ्या दिवशी कोकिळाबाई आल्या, आणि त्यांच्यामागून एक उंच, केसांत कापसाचे तंतू अडकलेला माणूस. बहीण-भावाचं नाक अगदी एक. तो बाकावर बसला. कोकिळाबाईंनी कामिनीला हळूच सांगितलं. जीवन दारात उभा राहिला होता. नवी पत्रिका त्याने वाचली, मान हलवली. मग जुनी वाचली. मग तिच्यामागचं नानांचं अक्षर. बराच वेळ वाचत होता, एवढ्याशा दोन ओळी. वाकून चपला काढल्या आणि आत येऊन चुलीपाशी, लहानपणी बसायचा तसा, भिंतीला टेकून बसला.

जीवनने खिशातून आपट्याची पानं काढून नानांच्या हातात दिली. तीन दिवसांत ती वाळून चुरगळली होती. नानांनी ती सोन्यासारखी मुठीत धरली आणि काही बोलायला गेले, तर जीवनच म्हणाला, की माझंही चुकलं, एक फोन मीही करू शकलो असतो. मग तो तिन्ही मशीनकडे आळीपाळीने बघत म्हणाला, "आते खरं कोणता मशीनमा शे?"

नाना आणि नवलभाऊ आपापल्या पडद्याकडे बघायला लागले. मला मात्र इतकं हसू आलं की आठही दिवे लागायचे बाकी राहिले. अकरा वर्षं जो प्रश्न कुणी विचारला नाही, तो जिनिंगमधल्या माणसाने आल्या आल्या विचारला.

पाचशे पत्रिका छापून होईपर्यंत जीवन बाकावरून हलला नाही. छपाईआधी त्याने एक दुरुस्ती मात्र सांगितली. स्वागतोत्सुक मंडळींत हिलालनानांचं नाव टाका. नाना नको नको म्हणत होते, कोकिळाबाईंनी ऐकलं नाही. मग कामिनीचं टाकलं, आणि नवलभाऊंचा चेहरा बघून त्यांचंही टाकलं. ही दुरुस्ती कामिनीने एकाच प्रतीत केली आणि बाकीच्या दोन सगळ्यांसमोर पुसून टाकल्या.

दिवाळीआधी भूपेंद्र जळगावहून आला, नवं मुख्य मशीन घेऊन. आता सगळ्या पत्रिका तिथेच राहतात आणि रोज संध्याकाळी त्यांची एक नक्कल आपोआप निराळी ठेवली जाते. ते मशीन कुठे ठेवायचं यावर नाना आणि नवलभाऊ एकमेकांकडे बघायला लागले, तेवढ्यात कामिनीने ते उचलून आपल्या टेबलावर ठेवलंही. कुणी रुसलं नाही. नवलभाऊ अजूनही उठलं की बटण दाबतात, पण प्रिंटर आता नव्या मशीनला आहे, त्यामुळे दाबेनात का. भूपेंद्रने मला काढून टाकायचं म्हटलं होतं. कामिनी म्हणाली, राहू दे, चालते ती. मग त्याने माझ्या चौथ्या कानात एक वायर खोचली आणि माझ्या अंगावरची अकरा वर्षांची धूळ फुंकरीने उडवली. तेवढीच माझी खंडेनवमी.

वृषालीच्या पत्रिकेत एकशे तेवीस नावं होती. सगळी माझ्यातून गेली, मी मोजली. माझं नाव त्यांत नव्हतं. मी रुसले नाही हो, डबीने कुणावर रुसायचं? फक्त एक मागणं आहे. तुमच्याही घरात, दुकानात, ऑफिसात जो तो आपापली प्रत उराशी धरून बसला असेल. मधूनमधून एकमेकांना विचारत जा, तुझ्याकडे आहे तेच माझ्याकडे आहे ना? मी पोचवायला बसलेलीच आहे. कोकिळाबाईंचा तो शब्द नऊ वर्षांपूर्वीही मी अर्ध्या क्षणात पोचवला असता. मला कुणी दिलाच नाही.